रुमालाचे तीन आकडे

माझ्याकडे एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, पॉलिटेक्निकच्या लॅबमधून आणलेली, म्हणजे खरं तर उचललेली. तिच्यात अकरा रविवारांच्या नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत तीन आकडे, आणि खाली चौथा एक, त्याच्याभोवती मी गोल केलेला. त्या अकरा रविवारांत माझ्या वडिलांच्या डोळ्यांतला लाल रंग थोडा थोडा करून गेला, आणि किती गेला ते मी दर आठवड्याला दोन दशांशांपर्यंत लिहून ठेवलं. मला वाटत होतं, मी माझ्या सर्किटची चूक लिहितेय.

आम्ही पडेगावात राहतो. मी शहरात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब शिकवते आणि माझं डोकं लवकर तापतं, हे पोरं पहिल्याच आठवड्यात शिकतात. पप्पा लग्नाचे शूटिंगवाले. खांद्यावर व्हीएचएसचा तो अगडबंब कॅमेरा घेऊन बिडकीनपासून अजिंठ्यापर्यंत त्यांनी किती लग्नं काढली याचा हिशेब त्यांनाही नाही. आमच्या समाजातली पांढऱ्या साड्यांतली, बुद्धवंदना घेऊन लागणारी लग्नं, वाड्यावस्त्यांवरच्या हळदी, जिन्सीतले निकाह. लग्न कुणाचंही असो, पप्पांची सुरुवात एकच असायची. खिशातून पांढरा रुमाल काढायचा, घडी मोडायची, पूर्ण चित्रात रुमालच दिसेल असा भिंगासमोर धरायचा आणि एक बटण दाबायचं. त्यानं कॅमेऱ्याला कळतं की पांढरा म्हणजे हा, बाकीचं सगळं यावरून ठरव.

"आधी पांढरं कबूल करून घ्यायचं," पप्पा म्हणायचे. "मग बाकीचे रंग खोटं बोलत नायत."

रेकॉर्डिंग तेव्हा चालूच असायचं. त्यामुळं पप्पांच्या प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला पाच सेकंद रुमाल आहे आणि कडेला त्यांची दोन बोटं. लोक तेवढं पुढं ढकलून बघायचे.

दिवाळीनंतर त्यांचा खोकला हटेना. टीबी निघाला. गल्लीत कुणाला सांगायचं नाही असं आईनं ठरवलं, आणि विचारलं तर ॲलर्जी म्हणायचं. गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी दवाखान्यात मी सोबत होते. सिस्टरनं शांतपणे सगळं समजावलं. लघवी नारिंगी होईल, घाबरायचं नाही. मळमळेल. आणि डोळ्यांना कमी दिसायला लागलं, रंग वेगळे वाटायला लागले, तर त्याच दिवशी यायचं, थांबायचं नाही.

"सिस्टर, डोळ्यांवर तर माझं घर चाललंय," पप्पा म्हणाले. "त्यांना काय धाड भरली?"

मी हसले. ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं, नीट ऐकलं, आणि तरी हसले. सिस्टर हसली नव्हती.

महिनाभरात ताप गेला, पण अंगात त्राण नव्हतं. पप्पा घरात बसून राहायचे, भिंतीकडं तोंड करून. मला ते बघवेना. पलंगाखाली त्यांच्या जुन्या कॅसेटींची खोकी होती, काहींना बुरशी धरू लागली होती, आणि ज्यांची लग्नं ती माणसं अधूनमधून फोन करून विचारायची की आमचं लग्न पेनड्राइव्हवर मिळेल का. मी ठरवलं, दर रविवारी दोघं मिळून एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची. संक्रांतीच्या आसपास आम्ही सुरू केलं.

मांडणी साधी होती. व्हीसीआरमधून चित्र निघायचं, वाटेत रंग सुधारायच्या एका डब्यातून जायचं आणि तिथून एका बाजूला जुन्या पेटीटीव्हीत, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरमध्ये. त्या डब्याला तीन बटणं होती, फिरवायची: लाल, हिरवं, निळं. पप्पा टीव्हीसमोर बसायचे, नवरीच्या चेहऱ्यावर चित्र थांबवायचे आणि बटणं केसभर इकडं, केसभर तिकडं करत राहायचे. मग एकदम हात काढून म्हणायचे, "चेहरा लागला." गवयाचा सूर लागावा तसा त्यांचा चेहरा लागायचा. त्यांनी लावलेला चेहरा कुणी परत आणल्याचं मला आठवत नाही. मोंढ्यापासून छावणीपर्यंतचे शूटिंगवाले त्यांच्याकडं आपापल्या कॅसेटी दाखवायला यायचे.

मला मात्र आकडा हवा होता. शिकवणारीची खोड. डोळ्याला जे कळतं ते मोजता आलं पाहिजे, नाहीतर ते माणसाबरोबर जाणार. आजारपणानं हे मला नीटच दाखवलं होतं, पण तसं तोंडावर म्हणणार कशी?

जुनं टीव्हीचित्र म्हणजे तारेतून एकीमागून एक धावत येणाऱ्या ओळी. सहाशे पंचवीस ओळी, सेकंदाला पंचवीसदा. प्रत्येक ओळीच्या आधी सिग्नल एक बुडी मारतो, ती नव्या ओळीची खूण. माझा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम भरायची चिप लावलेला बोर्ड, काड्यापेटीएवढा, सगळं चित्र उचलायची त्याची ताकद नाही. म्हणून मी त्याला इतकंच शिकवलं: बुड्या मोज. ठरलेली ओळ आली की तीस मायक्रोसेकंद गप्प बस, आणि मग त्या क्षणी तारेवर किती व्होल्टेज आहे ते टिप. टीव्हीच्या पोटात लाल, हिरवा आणि निळा आधीच वेगळे होतात, तिथून मी तीन तारा बाहेर काढल्या. चित्र थांबलेलं असलं की एका फेरीत लाल टिपायचा, दुसरीत हिरवा, तिसरीत निळा. असे एका ठिपक्याचे तीन आकडे, शून्य ते दोनशे पंचावन्न.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" पप्पा म्हणाले. पण खुर्ची सरकवून जवळ आले.

पहिल्या रविवारी त्यांनी चेहरा लावला, मग मी कॅसेट मागं नेऊन रुमालावर थांबवली आणि ठिपका रुमालाच्या मधोमध घेतला. दोनशे एक, दोनशे, दोनशे. तिघं सारखे असले की पांढरा. ज्या माणसानं नुसत्या डोळ्यानं बटणं फिरवली होती त्याला माझ्या यंत्रानं शंभर टक्के मार्क दिले. मी ओरडलेच. चौथा आकडा, लालला बाकी दोघांएवढं करायला ज्यानं गुणावं लागतं तो गुणक, मी वहीत १.०० लिहिला.

दुसऱ्या रविवारी लाल थोडा वर आला. तिसऱ्या रविवारी दोनशे नऊ. मी शिव्या घातल्या लालच्या तारेवरच्या रेझिस्टरला, औरंगपुऱ्यातून आणलेल्या स्वस्तातल्या. त्या वर्षी उन्हं लवकर तापली होती. गरम झाला की सरकतो, असं मी स्वतःला सांगितलं आणि प्रोग्राममध्ये लालला ०.९६ नं गुणलं. आकडे परत सारखे झाले. यंत्र चुकलं की डोळा, हा प्रश्नच मला पडला नाही. आमच्या घरात डोळा चुकत नव्हता.

एकदा मी बोलले होते. "पप्पा, रुमालात लाल जास्त येतोय."

"रुमाल कुठं पांढरा हाय? तुझी आई नीळ घालती की लई."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पंचवीस वर्षं घातली ती आत्ताच दिसायली व्हय?"

आम्ही तिघंही हसलो. आणि मी ते मान्य केलं! ज्या गोष्टीवर मी दरवर्षी पोरांना परीक्षेत प्रश्न घालते, ती मी माझ्याच घरात विसरले. कॅमेऱ्याला जो रुमाल दाखवाल तो कॅमेरा पांढरा मानतो. नीळ असो, हळद असो, टेपवर त्याचे तीन आकडे सारखेच उतरतात; बिघडले तर चेहरे बिघडतील, रुमाल नाही. शिवाय नीळ जास्त झाली तर निळा वाढेल, लाल कशाला वाढेल? शेंबड्या पोराला कळावं असं आहे हे. पण बापानं सांगितलं आणि आई हसली, तेवढ्यानं माझं शिक्षण संपलं.

पुढचे रविवार मी आता एकेक आकडा मोठ्यानं म्हणत वाचते. ०.९४. ०.९३. ०.९१. प्रत्येक वेळी कॅसेट वेगळी, गाव वेगळं, साल वेगळं, आणि घसरण मात्र एकाच दिशेनं. टेप जुनी म्हणून लाल बिघडला असता, तर कधी जास्त, कधी कमी बिघडला असता. तो कॅसेटींप्रमाणं नाही, रविवारांप्रमाणं बिघडत होता.

पप्पा एकदाही म्हणाले नाहीत की मला रंग फिका दिसतोय. ते म्हणायचे, "टेप उतरलीय." नंतर नंतर प्रत्येक टेप उतरलेली निघू लागली. लाल बटणाची खूण मधोमध असायची, ती आता एका बाजूला कलत चालली होती.

बाकीही होतंच. टमाटे आणले की ते आईला म्हणायचे, कच्चेच काय उचलून आणतीस. आई टमाटा हातात धरून माझ्याकडं बघायची. पेपर वाचायला खुर्ची आधी अंगणात, मग आणखी उजेडाला फाटकाशी. एका सकाळी ते मला स्कूटरवर सोडायला निघाले, आणि मिल कॉर्नरच्या सिग्नलला गाडी थांबलीच नाही. समोरून ट्रक येत होता. मी मागून त्यांचा शर्ट धरून ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला.

"उन्हात दिसला नाय," ते म्हणाले. तेव्हा साडेआठ वाजले होते आणि ऊन आमच्या पाठीवर होतं.

मी काय केलं? त्यांच्यावर चिडले. आजारी माणसानं गाडी काढूच नये, असं लेक्चर दिलं. डोळ्यांचा विचार मनात आला नाही असं मी लिहिलं, तर ते खोटं होईल. आला होता. पण रंग तर ते दर रविवारी लावत होते, आणि माझं यंत्र दर रविवारी सांगत होतं की रंग बरोबर आहेत. त्या यंत्राच्या जिवावर मी तो विचार बाजूला सारला.

अकराव्या रविवारी चाचा आले. पप्पांचे जुने भागीदार, मिक्सिंगचं, म्हणजे शूटिंग जोडून कॅसेट बनवायचं काम ते करायचे. वीस वर्षं दोघं एका बाकड्यावर बसलेले. त्यांच्या मुलीच्या निकाहची कॅसेट आम्ही आदल्या आठवड्यात करून दिली होती. पेनड्राइव्ह हातात नाचवतच ते आत आले.

"क्या मियाँ, दुल्हन को भट्टी में बिठाके शूटिंग करे थे क्या? पूरे बाराती लाल-लाल, जैसे सबकू किसीने थप्पड़ मारे."

पप्पाही हसले. "तुमचा टीव्हीच भंगार हाय."

"हव, तीनों टीव्ही भंगार. जमाई का बी, पड़ोसी का बी." चाचा खुर्ची ओढून पप्पांच्या शेजारी बसले. "अच्छा, लगाओ चेहरा. मेरे सामने लगाओ."

पप्पांनी दुसरी एक कॅसेट घातली, नवरीवर थांबवली आणि लाल बटण फिरवायला घेतलं. चित्र लाल झालं, मग आणखी लाल. चाचांच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. मी टेबलापाशी वही घेऊन बसले होते. पप्पांचा हात फिरतच होता, बटण शेवटाला टेकेपर्यंत.

"चेहरा लागला," पप्पा म्हणाले.

पडद्यावरची नवरी रक्तानं माखल्यासारखी दिसत होती. एवढा लाल मलाही आजवर दिसला नव्हता का? दिसला होता. दर आठवड्याला थोडा जास्त, म्हणून सवय झाली होती. आणि पप्पांनी लावलेला, म्हणून तोच खरा होता.

व्हीसीआरच्या मागं लोंबणारी लाल पिन चाचांनी उचलली आणि पप्पांच्या समोर धरली. "ये कौन सा रंग?"

"येडे झाले का? लाल."

"कैसा लाल?"

पप्पांनी पिन हातात घेतली. जवळ नेली, लांब नेली. मान थोडी तिरपी केली.

"जुन्या विटेसारखा," ते म्हणाले. मग अगदी हळू, "पिना जुन्या झाल्या."

चाचा माझ्याकडं वळले. "बेटी, इनका हाथ नई चूकता. आँख दिखाओ. आजच दिखाओ."

मी वही उघडली. शेवटचा गोल: ०.७९. काखेत कळसा म्हणतात तो असा. मी प्रोग्राममधला गुणक काढून टाकला, कॅसेट मागं नेली आणि रुमालावर ठिपका ठेवला. लाल दोनशे त्रेपन्न, हिरवा दोनशे, निळा दोनशे. आणखी दोन आकडे, आणि मोजायलाही जागा उरली नसती. मग मी उठून डब्याची तिन्ही बटणं मधोमध आणली, जिथं ती पहिल्या रविवारी होती.

दोनशे, दोनशे, दोनशे. सर्किट पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

पडद्यावर नवरी आली, सावळी, शांत, शालूचा लाल नीट लाल.

"असं ठेवू नको," पप्पा म्हणाले. "राख दिसायलीय सगळी."

आई दारात उभी होती. तिच्या हातातलं ताट तिनं खाली ठेवलं, तेही आवाज न करता. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडायचं कुणावर हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर होतो. त्यांनी रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली. ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. पहिल्या पानावरचा पप्पांनी ओळखला, तो सगळ्यांनाच ओळखता येतो. पुढच्या पानांवर ते नुसतं बोट फिरवत राहिले.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाले असतील चार-पाच दिवस," पप्पा म्हणाले.

सहसा पेशंटला नक्की सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले, हळूहळू होतं म्हणून. मी पर्समधून वही काढली. का काढली? तोंडानं सांगता आलं असतं. डॉक्टरांनी एकेक पान उलटलं, गोल केलेल्या आकड्यांवर पेनाचं टोक टेकवत गेले. वर तारीख आणि 'लालची चूक' असा माझाच मथळा होता; मला समजावून सांगावं लागलं नाही.

"तिसऱ्या आठवड्यात हे तुमच्या लक्षात आलं होतं," ते म्हणाले. रागानं नाही, नुसतं वाचून दाखवल्यासारखं.

"मला वाटलं यंत्र चुकतंय."

त्यांनी गोळ्यांच्या पाकिटावर एका गोळीभोवती गोल केला, ही आजपासून बंद, बाकीच्या चालू, छातीच्या डॉक्टरांशी मी बोलतो. पप्पांनी विचारलं, परत येईल का. काहींना येतं, डॉक्टर म्हणाले. लवकर बंद केली तर बहुतेकांना येतं. मग त्यांनी वही मिटली आणि माझ्या हातात दिली. रिक्षात पप्पा माझ्या आणि आईच्या मधे बसले होते. आईनं त्यांचा हात धरून ठेवला होता आणि माझा धरला नव्हता.

आता सहा महिने झालेत. टीबी बरा झाला. लाल थोडा आलाय, म्हणजे असं ते म्हणतात. पण मधलं पुसट झालंय. समोरचं बघायचं तर त्यांना थोडं बाजूला बघावं लागतं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडं बघतात. पेपर बंद, स्कूटर विकली. मी माफी मागितली एकदा. "तू मोजलंस तरी," ते म्हणाले, आणि विषय संपवला. त्या तीन शब्दांत माया होती की टोमणा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

गेल्या रविवारी त्यांनीच खोकं ओढून काढलं. बऱ्याच कॅसेटी राहिल्यात, म्हणाले, बुरशी थांबणार नाही. मी मांडणी केली. ते आपल्या खुर्चीत बसले, टीव्हीच्या उजवीकडं, भिंतीकडं बघत.

"रुमाल लाव."

मी लावला. पडद्यावर पांढरा रुमाल आला, कडेला दोन तरुण बोटं.

"आकडे सांग."

"एकशे नव्व्याण्णव. दोनशे. दोनशे."

"गुणून, का न गुणता?"

"न गुणता, पप्पा."

त्यांनी मान हलवली. हात सवयीनं बटणांवर गेला होता, तो त्यांनी उचलून मांडीवर ठेवला. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि बाजूला झाले.

"मग तूच लाव चेहरा."

मी खुर्चीत बसले. ती अजून उबदार होती. मी कॅसेट पुढं नेली आणि नवरीवर थांबवली. बिडकीनकडची कुठली तरी, फार वर्षांपूर्वीची. रुमालाचे आकडे सगळे बरोबर होते, पण चेहऱ्याचा आकडा कुठंच लिहिलेला नव्हता. पप्पा मागं उभे राहून वाट बघत होते, आणि तिचा चेहरा त्या दिवशी खरा कसा होता हे मला माहीत नव्हतं.